मी थ्रेशोल्ड वाढवला तेव्हाच्या कर्णिक मॅडम

माझी नोकरी वाचवणारी बाई आज सकाळी गेली.

कर्णिक मॅडम. माझी पहिली बॉस. क्लाउड मॉनिटरिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सर्व्हरवर नजर ठेवायच्या कामात, मी आज जी काही आहे, ती त्यांच्यामुळे. हे मी छाती फुगवून सांगते.

नव्वदच्या दशकात पक्की सरकारी नोकरी सोडून त्या गुडगावला प्रायव्हेटमध्ये गेल्या. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये सगळे म्हणाले, हिचं डोकं फिरलंय.
मॅडमचं उत्तर, "म्हणू देत. तिकडे टॉवर उभे राहतायत आणि मी इथे फायली चाळत बसू?"

मी जॉइन झाले तेव्हा 'क्लाउड' हा शब्द आमच्याकडे नवाच होता. मी पाठ केलेल्या व्याख्या धडाधड म्हणून दाखवल्या.

मॅडम म्हणाल्या, "अगं, पोपटपंची नको. घरात कुणाला तरी ताप आलाय असं समज."

थर्मामीटरवरचा आकडा म्हणजे मेट्रिक.
तो कितीवर गेला की डॉक्टरकडे जायचं, ते म्हणजे थ्रेशोल्ड.
आणि "उठा, चला" म्हणून जो ओरडतो, तो अलर्ट.

झालं ट्रेनिंग!

आणि चारच महिन्यांत मी माती खाल्ली.

एका मोठ्या क्लायंटचे लोक ऑफिस बघायला येणार होते. आणि भिंतीवरच्या डॅशबोर्डवर नेमका त्यांचाच सर्व्हर लाल. डिस्क ऐंशी टक्क्यांच्या वर भरलेली. आठवडाभर तेच रडगाणं चालू होतं, मला जाम वैताग आला होता.

मी कुणालाही न विचारता थ्रेशोल्ड ऐंशीचा पंच्याण्णव केला.

लाल गेलं, हिरवं आलं. पाहुणे खुश. मी तर हवेतच.

दोन दिवसांनी भर दुपारी डिस्क ठासून भरली आणि क्लायंटची वेबसाइट बंद पडली. अलर्ट आला, पण तोवर काही करायला पाच मिनिटंही उरली नव्हती.

मीटिंगमध्ये मोठे साहेब टेबलावर हात आपटत होते. "किसने किया?"

मी बोलले नसते तर कुणाला कळलंही नसतं, निदान त्या दिवशी तरी.
तरी उभी राहिले.
"सर, मैंने किया."

"कल से मत आना."

मॅडम बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "सर, आज इसको निकालोगे, तो अगली बार कोई मुँह नहीं खोलेगा. फिर ढूँढते रहना. टीम मेरी है, जवाब मैं दूँगी."

साहेबांनी पुढचा विषय घेतला.

बाहेर आल्यावर पाठ थोपटली? छे!
"मूर्ख मुली! ताप तसाच, आणि तू डॉक्टरकडे जायचा आकडा वाढवलास?"

संध्याकाळपर्यंत मला बसवून प्रत्येक थ्रेशोल्डपुढे लिहून घेतलं: हा कुणी ठरवला आणि का. माझ्या टीममध्ये ही पद्धत आजही आहे. नवीन मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

त्या प्रसंगाबद्दल मॅडम पुन्हा कधीच बोलल्या नाहीत. मला मात्र वर्षानुवर्षं खात होतं, की माझ्यामुळे त्यांना साहेबांसमोर खाली बघावं लागलं.

आज त्यांच्या घरी गेले. मॅडमच्या मिस्टरांना, कर्णिक काकांना, नाव सांगितलं.

"अगं, तू ती थ्रेशोल्डवाली का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आजच्या दिवशी हे आठवावं?

काका म्हणाले, "त्या दिवशी ही दारातूनच ओरडत आत आली. 'अहो, आज माझ्या टीममधली मुलगी सगळ्यांसमोर उभी राहिली! खरं बोलली!' स्वतःच्या प्रमोशनलाही एवढी खुश झाली नव्हती गं ती."

मग मात्र मला रडू आवरलं नाही.

मॅडम, मी तुमच्या टीममधली.

शेवटचा नमस्कार.