कोकरांचा भरडा

आमच्या घरी जातं फक्त कोकरांसाठी मका भरडायला लागायचं. भाकरीचं पीठ गिरणीतून यायचं. दुपारी जेवणं उरकली की आई आणि बाबा समोरासमोर बसून खुंटा धरायचे. बाप्याने जात्यावर बसायचं म्हणजे गावात हसं, पण जनावरांचं खाणं म्हणून बाबांना कुणी नावं ठेवली नाहीत.

आई गेली त्या वर्षीही बाबांनी माळावर उतरणाऱ्या मेंढपाळाकडून दोन कोकरं घेतली. मी सालवडला खोली घेऊन राहते, बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. रविवारी गावी गेले की बाबा एकटेच जात्यावर वाकलेले दिसायचे, खांद्याला तेल चोळलेलं. "माझ्याकडे चला," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "कोकरांना भरडून कोण घालील?" मीही त्यांचीच मुलगी. त्यांची सबबच मोडायचं मी ठरवलं.

पुढच्या खेपेला सालवडच्या गिरणीतून मका अगदी बारीक दळून नेला. बारीक दळलं की लवकर अंगी लागेल, हे माझं शहाणपण. बाबा नको नको म्हणत असताना मी घमेलंभर पीठ कोकरांपुढे ओतलं. संध्याकाळी एकाचं पोट टम्म फुगलेलं, दुसरं हगवणीने आडवं. आईमागे बाबांच्या सोबतीला तेवढीच दोन होती.

मेंढपाळाला बोलावलं. त्याने पाण्यातून खायचा सोडा पाजला आणि मला चांगलं झापलं.

"पीठ पोटात आंबलंय. आता नुसतं वाळलं गवत घाला. सुधारली की अख्खा मका द्या, थोडा थोडा. मेंढरू चावून चावून बारीक करतंय. भरडायची बी गरज नाही, ताई."

मी कारखान्यातून रजा घेतली. तिसऱ्या दिवशी दोघं उठून गवत ओढू लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. बाबांना म्हटलं, "ऐकलंत ना? भरडायचं कामच नाही. आता शेजारी कुणीही दाणा घालील. चला माझ्याबरोबर."

"मला ठाऊक हाय," बाबा म्हणाले. "पयल्यापासून ठाऊक हाय."

"मग एवढी वर्षं आईला कशाला राबवलंत?"

बाबा जात्यावरचा भरडा हाताने गोळा करत राहिले. "तवा घरात बारा माणसं. बायकोशी बोलाया जागा कुठं व्हती? जात्याच्या आवाजात बोललेलं भायेर ऐकू जात नसं. म्हणून तिला सांगितलं, भरडलंच पायजे."

"काय बोलायचात?"

"तुला कशाला?" ते चक्क लाजले.

मला आईची फार आठवण आली. तिच्या वतीने म्हटलं, "तिला कळलं असतं तर रागावली असती."

"तिला ठाऊक व्हतं गं," बाबा म्हणाले. "तिच्या माहेरी मेंढरं व्हती. अख्खाच दाणा घालीत."

मी पुन्हा सालवडचं नाव काढलं नाही.