सत्यभामा सिस्टरांचा खडखड्या

आमच्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. सत्यभामा सिस्टर मात्र तिथून कधी जायच्याच नाहीत. एस्टीतून उतरणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी त्याच दिसायच्या. व्हरांड्यातल्या बाकावर बसून कापसाचे बोळे वळत असायच्या. अंगावर पांढरं पातळ, पायात रबरी चपला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. भूमपासून एस्टीनं पाऊण तासावरचं गाव, दोन पावसाळे कोरडे गेलेले, सत्त्याऐंशी सालचा चैत्र. थकलेलं कोण नव्हतं? पण सिस्टरांच्या थकव्याचं कारण त्यांच्या खाटेला लागून असलेल्या भिंतीपलीकडे होतं.

तिथं लसींचा फ्रीज होता. उंच, पांढरा, वर बर्फाचा कप्पा असलेला. त्याच्या पाठीमागं, खालच्या अंगाला जाळीआड एक वीतभर पंखा होता. तो मशीनवर वारा मारायचा, म्हणून मशीन तापायचं नाही आणि फ्रीज गार राहायचा. ह्या पंख्याचं बेरिंग गेलं होतं. लाईट आली की पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणीतरी हलवतंय असा आवाज सुरू व्हायचा, तो थेट चौकातल्या नळापर्यंत ऐकू जायचा. पोरांनी त्याचं नाव खडखड्या ठेवलं आणि मग मोठी माणसंही तेच म्हणायला लागली. ह्या आवाजाबद्दल गावात कुणी तक्रार केल्याचं मी कधी ऐकलं नाही. मला तो गावाचा चांगुलपणा वाटायचा.

आमचं घर दवाखान्याच्या शेजारी. हे दूध सोसायटीत सेक्रेटरी होते, पण म्हशीच आटल्या होत्या, तेव्हा सोसायटी नावापुरती. दुपारचं मी सिस्टरांकडे जाऊन बसायची. एकदा म्हटलं, "सिस्टर, ह्या आवाजात झोप कशी लागते हो तुम्हाला?"

"आवाजात लागते की वहिनी. आवाज थांबला की उडते."

मला ते कोडं वाटलं. मग एक दिवस बघितलं. बोलता बोलता खडखड एकदम थांबली, पण वरचा बल्ब चालूच होता. सिस्टर हातातला कापूस टाकून आत पळाल्या. घसा तपासताना जीभ दाबायला असते ती लाकडी पट्टी त्यांनी खोचलेल्या पदरातून काढली, फ्रीजमागं वाकल्या, जाळीतून पट्टी घालून पंख्याचं पातं जरा ढकललं. खडखड पुन्हा सुरू. मग फ्रीजच्या अंगाला हात लावून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तशा.

"अडतो मधेच. नाही ढकलला तर मशीन तापून बंद पडतं. आणि आत किती लसी आहेत ठाऊक आहे? चार वाड्यांच्या लेकरांच्या."

"वर कळवलं नाही का?"

"तीन अर्ज झाले. मेकॅनिक येणार आहे म्हणतात. कोणत्या सालात येणार ते काही लिहीत नाहीत."

म्हणजे ही बाई महिनोन्महिने एका पंख्यावर कान ठेवून जगत होती. जेवताना, कपडे धुताना, झोपेतसुद्धा. सोलापूरला हॉस्टेलात असलेल्या लेकीला भेटायला गेली नव्हती. पट्टी ढकलायला मागं कोण? सिस्टरांना मी म्हटलं, मी ढकलीन. पण माझा आणि त्यांचा विश्वास ह्यात फरक होता. "तुम्ही गाढ झोपता वहिनी," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते.

सिस्टर वाशीकडच्या. वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली बसून कंदिलाच्या उजेडात मुलीनं सातवी काढली, मग नर्सिंगचं ट्रेनिंग. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, ढोकीच्या साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर. पंख्याचं मालकांना दाखवलं नाही का, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्यांना स्क्रू आणि खिळा एकच. दोन्ही हातोड्यानंच ठोकतात."

आधी त्यांनी जमेल ते करून बघितलं. शिलाई मशीनचं तेल इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरून, जाड सुईनं, जाळीतून थेट बेरिंगवर सोडलं. दोन दिवस पंखा गप होता. तिसऱ्या दिवशी दुप्पट खडखडायला लागला. मग एका डॉक्टरवारी, म्हणजे डॉक्टर होते त्या दिवशी, त्या बार्शीला गेल्या आणि पदरमोड करून नवा पंखा घेऊन आल्या.

"दुकानदार म्हणाला, बसवणार कोण? म्हटलं, मीच. तर म्हणाला, बाई, चार स्क्रू आहेत, भिऊ नका. मी म्हटलं, चार स्क्रूंना भीत नाही, सरकारी मालाला भिते." फ्रीजच्या पाठीवर 'उघडू नये' अशी चिठ्ठी होती. उघडला आणि बिघडला, तर लसी गेल्या आणि वर नोकरीला डाग.

गुरुवारी लसीकरण होतं. मंगळवारी सकाळपासून लाईट नव्हती, चारच्या पुढं येईल असा अंदाज. दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"वहिनी, दार लोटून घ्या. कुणी आलं तर सांगा, सिस्टर जेवताहेत."

"तीन वाजता?"

"मग आंघोळ करताहेत म्हणा. ह्या दुष्काळात कुणाला पटायचं नाही, पण म्हणा."

लसींच्या कुप्या बर्फाच्या पिशव्यांसकट पेटीत आधीच नीट बंद केल्या होत्या. बटण बंद केलं, वायर भिंतीतून उपसून काढली, ती माझ्या हातात दिली. "ही धरून बसा. तुमच्या हातात आहे तोवर मला धक्का बसणार नाही." मी दोन्ही हातांनी धरून बसले.

पेचकसानं जाळी निघाली. आत धुळीचा थर, मेलेल्या पाली, एक मुंग्यांचं घर. सिस्टरांनी प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर एक, दोन, तीन लिहिलं, बाळंतिणीच्या वॉर्डात पोरांच्या मनगटाला लावतात तसं. काढलेले स्क्रू किडनी ट्रेमध्ये. एक घरंगळून मशीनखाली गेला, तो लांब चिमट्यानं काढला. पंख्याच्या पात्याला हात घातल्यावर मात्र थांबल्या.

"पातं कोणत्या तोंडानं बसवायचं? उलटं बसलं तर वारा उलटा जाईल."

मी पुढं वाकून बघितलं. "सिस्टर, मशीनकडच्या अंगाला धूळ कमी आहे बघा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, उठल्या, तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध आणलं आणि पात्याच्या त्या अंगावर बोटानं एक ठिपका दिला. मग नव्या मोटारीवर नवं पातं, जुन्यावरचा ठिपका बघून त्याच तोंडानं. तारा एक, दोन, तीन. जाळी. चार स्क्रू. सगळं मिळून दीड तास. दोघी घामानं चिंब. माझ्या हातात अजून वायर होती, बोटं आखडली होती.

"द्या आता," म्हणाल्या आणि वायर भिंतीत खोचून, बटण दाबून भिंतीला टेकून खाली बसल्या.

किती वेळ बसलो कोण जाणे. एकदम लक्षात आलं, वरचा बल्ब लागलेला आहे.

"लाईट आली! आणि हा चालेना?" सिस्टरांचा चेहरा उतरला. गुडघ्यांवरच सरकत गेल्या, कापसाचा पुंजका जाळीपुढं धरला. पुंजका फरफर हलला. जाळीला कान चिकटवला तर बारीक घुंग घुंग लागत होतं, बस.

"ऐकू येतंय का तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी मान वर केली. "अगबाई. भिंतीवरचं घड्याळ वाजतं की हो. मला वाटायचं मुकंच आहे."

लसी परत फ्रीजमध्ये गेल्या. सिस्टर म्हणाल्या, "पाच मिनिटं पाठ टेकते," आणि तिथंच फरशीवर आडव्या झाल्या. मी दार ओढून घेणार, तोच व्हरांड्यात घागरींचा खणखणाट झाला.

"शिस्टर! ओ शिस्टरबाई!" रुद्रम्मा होत्या पुढं, सत्तरीच्या, आवाज मात्र विशीतला. मागं बनाबाई आणि आणखी सात-आठ जणी, सगळ्यांच्या कमरेवर रिकाम्या घागरी. "खडखड्याला काय झालं?"

सिस्टर डोळे चोळत बाहेर आल्या. "दुरुस्त केला आज्जी. नवा बसवला."

"दुरुस्त केला? गावाला इच्यारलं का?"

"गावाला काय विचारायचं त्यात?"

"आगं माय, तो बोलला की आमी घागरी उचलतो. आज बोललाच न्हाय. नळाला पानी येऊन गेलं, समदं नालीत गेलं!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बोअर गावाबाहेर. लाईट आली की पंचायतीचा बब्रुवान तिथं मोटार चालू करायचा, अर्धा तास चौकातला नळ वाहायचा, मग बोअरच दम तोडायचं. लाईट कधी येईल ह्याचा नेम नाही आणि चैत्राच्या उन्हात दिवसभर नळापाशी उभं कोण राहणार? बायका आपापल्या घरात कान देऊन बसायच्या. विजेचं कनेक्शन गावात चार-पाच घरांतच, त्यात आमचं. मला बल्ब दिसायचा म्हणून मला खडखड्याची गरज कधी पडलीच नव्हती. चांगुलपणा कसला!

"सरपंच आबारावांच्या म्हशी पिऊन गेल्या," बनाबाई म्हणाली. "त्यांला न्हाय लागत खडखड्या. नाक लावून येत्यात."

कुणी हसलं नाही. सिस्टर पायरीवर बसल्या. मग उठून दवाखान्याच्या पिंपावरचं झाकण काढलं.

"अर्धी अर्धी घागर सगळ्यांना होईल. गुरुवारपुरतं मला ठेवून." आणि रुद्रम्मांकडे बघून जरा हळू, "आज्जी, तुम्हाला चालंल ना?" रुद्रम्मा सिस्टरांच्या हातची गोळी घ्यायच्या, पण ती गिळायला पाणी घरून तांब्यात आणायच्या. गावातल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

रुद्रम्मांनी घागर पुढं केली. "घागर माझी हाय की. पानी कुणाचं का असंना. भर."

पाणी भरून झालं तरी कुणी जाईना. प्रश्न उद्याचा होता.

"जुना कुठाय?" रुद्रम्मांनी विचारलं. "टाकला का?"

"किडनी ट्रेमध्ये पडलाय."

"मग त्याला टांगा की कुठंतरी. त्याला काय फ्रीज लागतो खडखडायला?"

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. खरंच होतं. पण टांगायचा कुठं? शाळेला कुलूप. मग सगळ्या मिळून सरपंच आबारावांच्या दारात गेलो. त्यांच्या पुतळाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "आमच्या मालकांना खडखड सोसत न्हाय. झोप मोडती."

"मालकांचं घोरणं त्याहून मोठं," बनाबाई पाठमोरी होत पुटपुटली. आता मात्र सगळ्या हसल्या.

मी म्हटलं, आमच्याकडे लावा. पण आमचं घर दवाखान्याच्या पलीकडं, चौकाकडं पाठ करून. आवाज नळापर्यंत पोचला असता की नाही, शंकाच होती. माझ्या आधी ते सिस्टरांच्या लक्षात आलं. त्या मुकाट्यानं दवाखान्याकडे वळल्या. मोटार व्हरांड्याच्या खांबाला बांधली, पात्याभोवती लाकडी खोक्याच्या फळ्या ठोकल्या, पोरांची बोटं जाऊ नयेत म्हणून. वायर बल्बच्या बटणाला जोडली. लाकडी पट्टी सुतळीनं खांबाला लटकवली. खांब त्यांच्या खिडकीपासून दोन हातांवर होता.

"म्हणजे भिंतीपलीकडचा होता तो खिडकीत आला," मी म्हटलं. मला वाईट वाटत होतं.

"येऊ दे," सिस्टर म्हणाल्या. त्याहून जास्त बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

गुरुवारी चारही वाड्यांची लेकरं आली, रडली, टोचून घेऊन गेली. लसी थंडगार होत्या.

आठवड्यानं मी ज्वारीच्या पापड्या घेऊन त्यांच्याकडे गेले. ऊन उतरलं होतं, नळाचं पाणी येऊन गेलं होतं, बायका घरी पोचल्या होत्या. व्हरांड्यात खडखड्या जिवाच्या आकांतानं खडखडत होता. खिडकीतून बघितलं तर सिस्टर खाटेवर झोपलेल्या. चपला पायातच. हात खाटेखाली लोंबत होता.

ताट पायरीवर ठेवते तोच खडखड थांबली. मी वर बघितलं, बल्ब चालू होता. पातं अडलं होतं. सवयीनं मी खिडकीकडे वळले, आता ह्या उठून पळत येणार.

त्या हलल्या नाहीत. मागच्या खोलीत फ्रीज घुंग घुंग करत होता, तो मला आत्ता ऐकू आला.

मी खांबाची पट्टी हातात घेतली आणि पातं ढकललं. आधी दोनदा कुरकुरला, मग सुरू झाला, पहिल्यासारखा, पत्र्याच्या डब्यातल्या खड्यांसारखा. सिस्टरांनी झोपेतच कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पापड्यांवर मी दुसरं ताट झाकलं आणि घरी आले.