ताईची डावी बाजू

रनाळ्यात माझं नाव चांगलं आहे. बहिणीला कधी एकटी चालू देत नाही, असा भाऊ. ताई माझ्याहून मोठी. लहानपणीच पोलिओने तिचा डावा पाय बारीक केला. बाजार असो, लग्न असो, मयत असो, मी तिच्या डाव्या अंगाने चालणार हे ठरलेलं. बाया आपल्या पोरांना माझं उदाहरण द्यायच्या आणि मी खाली मान घालून ऐकायचो. आता सांगूनच टाकतो. मी आडोसा धरून चालत होतो. तिचं लंगडणं लोकांना दिसलं की मला लाज वाटायची, दुसरं काही नाही.

घरात तर या लपवालपवीचं शास्त्रच झालं होतं. ताईला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा ती त्यांच्याआधीच पाटावर बसलेली असायची आणि पाहुण्यांची जीप गावाबाहेर पडल्यावरच उठायची. एकदा पाहुणे गप्पांत रमले, जेवायला थांबले आणि ताई दुपारभर पाटावर. शेवटी ज्यांच्याशी जमलं त्या दाजींनी तिला आधीच पिठाच्या गिरणीवर चालताना पाहिलं होतं, असं मागाहून कळलं. पण त्या दिवशी त्यांनीही आमचा मान राखला आणि पोह्यांतून डोकं वर काढलं नाही.

दाजी गेले. ताई आता माझ्याच घरी राहते, गावातल्या बायांचे ब्लाउज शिवते. अस्तर, दोरा, हुक आणायला नंदुरबारला जायचं तर माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, तेही माझ्या सवडीने. मग तिला कुणीतरी सांगितलं की दिव्यांगांना तीनचाकी स्कूटर मिळते, फक्त चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र पाहिजे. त्या दिवसापासून तिने माझ्यामागे लकडा लावला. स्कूटर मिळाली की ती मला विचारणार नव्हती, एवढंच तिला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी तिने ठेवणीतली साडी नेसली आणि डावा तळ चांभाराकडून जाड करून घेतलेल्या चपला घातल्या. साडी चुरगळू नये म्हणून आम्ही रिक्षानेच नंदुरबारला गेलो. दवाखान्याच्या भिंतीवर कोणकोणत्या आजाराला प्रमाणपत्र मिळतं त्याचा फलक होता: दृष्टी, कान, हाडं, सिकलसेल, बरंच काही. एक म्हातारबाबा तो वरपासून खालपर्यंत वाचून घेत होते आणि यात ॲसिडिटी कुठे बसते असं सगळ्यांना विचारत होते.

आमचा नंबर पहिला. डॉक्टर यायच्या आत मी ताईला आत नेऊन खुर्चीवर बसवलं. तिने पदर सारखा केला. डॉक्टर आले, तरुण होते. काय त्रास आहे म्हणून त्यांनी विचारलं, तर माझ्या तोंडून जुनंच पाठांतर सुरू झालं. स्वयंपाक सगळा येतो, शिवण येतं, स्वभाव गरीब आहे. जिना चढता येतो का, या प्रश्नालाही मीच म्हणालो, "सहज."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि चालून दाखवायला सांगितलं. ताई उठली. मी डावीकडे. भिंतीपर्यंत गेलो, परत आलो. झकास चाललो.

"यांच्या चालण्यात तर मला विशेष काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीच जरा एका बाजूला कलता. तपासणी नक्की कुणाची आहे?"

स्कूटर हातची चालली होती आणि मी तरीही ताईचा दंड सोडला नव्हता. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली.

"भाऊ, सरक," ती म्हणाली. "आज तरी माले लंगडू दे."

तिने चपला काढल्या आणि एकटी निघाली. डावा पाय टाकताना सगळं अंग खाली जायचं, हात मांडीवर दाबला जायचा, मग पुन्हा वर. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, पण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मग तिच्याकडे बघितलं. भिंतीपासून ती परत आली तेव्हा तिला घाम आला होता आणि ती हसत होती. डॉक्टरांनी टेप काढून दोन्ही पाय मापले. चाळीसच्या वर जातंय, म्हणाले, प्रमाणपत्राचं कार्ड येईल.

बाहेर ताई तशीच सावकाश, कुणाच्या आडोशाविना चालू लागली. तिच्यामागून चालायची मला सवय नव्हती. दोनदा तिच्या टाचेवर माझा पाय पडला. फाटकाशी आमच्या गावातले एक काका भेटले. मी त्यांना काही विचारूच दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, "काका, ताईच्या पायात पोलिओ आहे. लहानपणापासून."

काकांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

"ते तं आख्खा गावले माहीत शे," ते म्हणाले. "काम व्हयनं का, ते सांग."

मी सांगायला तोंड उघडलं, तर ताईच म्हणाली, "व्हयनं." आणि रिक्षा शोधायला पुढे निघून गेली.