सांगून उठायचं

कुमुद न सांगता गेली. असं वाक्य कुणाबद्दलही लिहिता येईल, मरण काही आधी वेळ ठरवून येत नाही. पण कुमुदच्या बाबतीत ते लिहिताना मला अजूनही तिचा रागच येतो. कारण ‘न सांगता उठायचं नाही’ हे एकच वाक्य तिनं जन्मभर माणसांच्या डोक्यात हाणून हाणून बसवलं, आणि त्या माणसांत मीही होते. मंगळवार होता. सकाळी सारिकाचा फोन आला, “काकू, मॅडम अजून आल्या न्हाईत. फोन बी उचलत न्हाईत.” सारिका ही कुमुदनं तयार केलेली शिक्षिका. दर मंगळवारी दोघी कोळवणला श्रावणी नावाच्या त्यांच्या विद्यार्थिनीच्या घरी भेटायच्या. कुमुद एकटी राहायची, तिच्या फ्लॅटची जादा किल्ली माझ्याकडे असायची. दार उघडलं तर ती बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेली, एक सँडल पायात आणि एक हातात. निघालीच होती. डॉक्टर म्हणाले, “त्यांना काही कळलंसुद्धा नसेल.” माझी समजूत घालायला म्हणाले बिचारे.

आमची ओळख लिफ्टसमोर झाली. मी परभणीची, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला म्हणून चांदे गावाजवळच्या या सोसायटीत येऊन पडले होते आणि दिवसभर काय करायचं या विचारानं पार वैतागले होते. एका दुपारी खाली आले तर साठीची एक बाई कानात कापसाचे बोळे घालून, डोळे गच्च मिटून, लिफ्टच्या दारासमोर अनवाणी उभी. मला वाटलं, चक्कर आली. दंडाला धरलं तशी केवढ्यांदा दचकली. मग बोळे काढून म्हणाली, “लिफ्ट येतेय हे पायाला कळतं का, ते बघतेय.” मी विचारलं, “कळतं का?” “कळतं. पण वरून येतेय की खालून, ते नाही कळत.” आता विज्ञानाच्या बाईला असं काही सांगितल्यावर ती गप्प बसेल होय? मीही चप्पल काढली, डोळे मिटले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. वॉचमन आमच्याकडे बघत होता म्हणे. तिनं त्या दिवसापासून मला ‘मास्तरीणबाई’ म्हणायला सुरुवात केली आणि ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

ती काय काम करते ते मला हळूहळू समजलं. काही मुलांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, दोन्ही एकदम. बधिरांध म्हणतात. अंधांच्या शाळेत गेली तर तिथं सगळं कानावर चालतं, बहिऱ्यांच्या शाळेत गेली तर डोळ्यांवर, म्हणून ही मुलं बहुतेक घरीच राहतात, एका कोपऱ्यात. कुमुद त्यांच्यासाठी शिक्षक तयार करायची. तिचं म्हणणं असं, की या मुलांना पुण्याला आणून काही होत नाही, गावातच कुणीतरी शिकलेलं पाहिजे. पिरंगुटला एका हार्डवेअरच्या दुकानावर तिनं खोली घेतली होती, तिथं अंगणवाडीच्या ताया, शाळेतले शिक्षक, कधी मुलांच्या आयासुद्धा यायच्या. सारिका उरवड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, सहज मैत्रिणीबरोबर आली आणि पहिल्याच दिवशी कुमुदशी भांडली. कुमुद खूश. म्हणाली, “ही मला उलटून बोलते, ही टिकेल.” बाकीच्यांना मात्र ती फार तोडून बोलायची, हे सांगितलंच पाहिजे. तिच्या वर्गातून रडत गेलेल्या बायका मी पाहिल्यात. एखाद्या मुलीचा हात कुणी वरून धरला की ओरडायची, “हात वर नाही, हात खाली. तुमच्या हातावर तिचा हात येऊ दे. ओढून न्यायला ती काय बकरी आहे?”

एकदा तिला प्रयोगाला माणूस कमी पडलं म्हणून मला घेऊन गेली. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, वर कानटोपी. मला खुर्चीत बसवलं आणि ताट समोर आलं असावं, कारण एकाएकी कुणीतरी माझा हात उचलून थेट दह्यात बुडवला. मी अशी भडकले... मग त्याच ताटावर दुसऱ्यांदा, या वेळी आधी खांद्यावर थोपटून, आपल्या हातावर माझा हात घेऊन, सावकाश. तेच दही, पण मी मुकाट खाल्लं. त्यानंतर कुमुद माझ्या शेजारी बसली, माझा हात क्षणभर तिच्या मनगटावर ठेवला. तिच्या मनगटात तांब्याचं एक जाड, पिळाचं कडं असायचं, त्यावरून मी तिला ओळखलं आणि बोलायला लागले. मुलाबद्दल, सुनेबद्दल, या फ्लॅटमध्ये मला किती एकटं वाटतं त्याबद्दल, कधी कुणाशी बोलले नव्हते ते. पट्टी काढली तर शेजारची खुर्ची रिकामी. ती मघाशीच उठून गेली होती. वर्गातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला रडू कोसळलं, आणि कुमुद दारातून म्हणाली, “बघितलंत? त्या मुलांचं रोज असं होतं. माणूस येतं म्हणजे एकदम हाताला लागतं, आणि जातं म्हणजे नाहीसं होतं. म्हणून न सांगता उठायचं नाही. पाणी प्यायला जायचं असलं तरी नाही.” मी घरी जाताना तिच्याशी कडाकडा भांडले. त्या भांडणात आम्ही ‘अहो’वरून ‘अगं’वर आलो.

सांगून उठायची तिची रीत ठरलेली होती. मुलाच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं, मग त्याचा हात आपल्या पायातल्या सँडलला लावायचा. जाते. पुढं मी तिच्याबरोबर अधूनमधून मंगळवारी जीपनं कोळवणला जायला लागले तेव्हा मलाही तेच करायला लावलं. श्रावणी तेव्हा आठेक वर्षांची असेल. तिची आई मंगल, वडील भातशेती करून वरच्या अंगाच्या फार्महाउसवर राखणीला. श्रावणीच्या जगात प्रत्येकाला एक नाव होतं आणि ते हाताला लागणारं होतं. सारिका म्हणजे लांब वेणी, कुमुद म्हणजे कडं. माझं नाव कुमुदनं ठरवलं, हनुवटीवरची चामखीळ. मी म्हटलं, अगं, दुसरं काही सापडलं नाही का? तर म्हणते, “एवढं पक्कं दुसरं काय आहे तुझ्याकडे? घड्याळ विसरशील, चामखीळ कशी विसरशील?”

परतीच्या जीपमध्ये आमच्या गप्पा रंगायच्या. कुमुद मुलांना काय शिकवलं याबद्दल फारसं बोलायची नाही, तिला प्रश्न पडलेले असायचे. श्रावणीला स्वप्नं पडत असतील तर ती कशाची, वासाची की स्पर्शाची? ‘लांब’ म्हणजे काय वाटत असेल तिला? “मला वाटतं, तिच्यासाठी लांब म्हणजे उशीर,” कुमुद म्हणायची. “जे हाताला लवकर लागत नाही ते लांब.” मी वाद घालायचे, ती चिडायची, जीपमधली माणसं वळून बघायची. इतकी वर्षं हे काम करूनही तिला त्याचं नवल वाटायचं, आणि मला तिचं.

त्यात ते रेडकाचं झालं. श्रावणीच्या गोठ्यात म्हशीचं एक रेडकू होतं. सकाळी उठली की ती भिंत चाचपत गोठ्यात जायची आणि त्याच्या तोंडात बोट द्यायची. ते तोंड मिटून बोट चोखायचं आणि ही खुदुखुदु हसायची. आम्ही गेलो त्या दिवशी ते पहाटे मेलं होतं आणि मंगल ते श्रावणीच्या हाताला लागायच्या आत बाहेर ओढत होती. कुमुद तिला आडवी आली. “थांब मंगल. तिला हात लावू दे.”

“मॅडम, येड लागलंय का तुमाला? मेल्या जनावराला लेकराचा हात लावायचा?”

“ती रोज सकाळी कुणाकडे जाते? आज ते तिथं नसलं तर तिला काय वाटेल? आणि विचारणार कुणाला?”

मंगल पदर तोंडाला लावून बाजूला झाली. मलाही ते आवडलं नव्हतं, खरं सांगते. श्रावणी बसली, रेडकाच्या कानांवरून हात फिरवला, तोंड शोधलं, बोट आत दिलं. तोंड मिटलं नाही. पुन्हा दिलं. मग तिनं एक हात उताणा धरला, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या तळव्यात ठेवलं, आणि तळवा उघडाच ठेवला. मिटला नाही. असं दोनदा करून तिनं कुमुदचं कडं धरून तिला ओढलं आणि तेच कुमुदच्या तळव्यात केलं. जीपमध्ये कुमुद अख्ख्या रस्त्यात एवढंच म्हणत होती, “अगं, हिनं शब्द केला. कुणी शिकवला नाही, हिचा हिनं केला.”

पुढं एकदा वीज गेली. मंगल वाटण करताना मिक्सरवर हात ठेवून बसायची श्रावणीला सवय. तो मधेच थांबला तशी तिनं लगेच बोट तळव्यात ठेवलं. मेला. वीज आली, मिक्सर थरथरला, तिनं त्याच बोटावर मूठ मिटली. आहे. आम्ही हसलो, पण कुमुद विचारात पडली. “मिक्सर परत आला, रेडकू आलं नाही. जे परत येतं आणि जे येत नाही, त्यातला फरक हिला कसा सांगायचा?” मी म्हटलं, “तू सांग, तू मॅडम.” ती म्हणाली, “मला नाही माहीत. बघू की.” हे उत्तर बघायचं राहिलं तिचं.

कुमुद गेल्यावर श्रावणी दारात बसायला लागली. येईल त्याचं मनगट चाचपायची. गॅसची टाकी घेऊन येणारा, आरोग्य केंद्राच्या आशाताई, फार्महाउसवरचे पाहुणे, कुणीही. मनगट मोकळं लागलं की सोडून द्यायची. जेवण सोडलं. सारिकाला चावली. मंगल फोनवर मला म्हणाली, “काकू, इसरंल ती आपोआप. कशाला सांगायचं? तिला काय कळनार हाय?” आणि लगेच, “न्हाईतर तुमीच घाला की त्ये कडं...” कडं माझ्याकडेच होतं, कुमुदच्या भावानं ते मला दिलं होतं. पुढच्या मंगळवारी कोळवणच्या जीपमध्ये बसल्यावर मी ते घालून पाहिलं, लपवत नाही. माझा हात जाडा, ते अंगठ्याच्या मुळाशीच अडलं. सारिका शेजारी होती. ती म्हणाली, “काकू, मॅडमनी दोघींची चामडी लोळवली असती.” आम्ही दोघी हसलो आणि मग पिरंगुट येईपर्यंत रडलो.

श्रावणीनं माझी चामखीळ ओळखली, मनगट चाचपलं, हात सोडला. मी कडं तिच्या हातात दिलं. तिचा चेहरा असा उजळला... ती उठून उभीच राहिली. कड्यात बोटं घालून मनगट शोधायला लागली. बोटं पलीकडून बाहेर आली. तिनं कडं फिरवलं, दुसऱ्या बाजूनं हात घातला, तरी बोटं बाहेरच. सारिकानं आपला हात तिच्या हाताखाली नेला, कड्याला लावला, आणि सावकाश तिचंच बोट तिच्याच तळव्यात ठेवलं. श्रावणी थांबली. मग तिनं सारिकाचा तळवा उताणा केला आणि त्यात आपलं बोट ठेवलं. विचारत होती. सारिकानं हात उघडा ठेवला. मग माझ्याकडे वळली. लहान मुलानं आपल्या तळहातावर बोट ठेवलं तर हात आपोआप मिटतो हो, तो मिटू न देणं काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. मिटला असता तर तिला खोटं सांगितल्यासारखं झालं असतं. मी तो उघडा ठेवला. शेवटी ती दाराकडे गेली. दारात मंगल उभी होती, सगळं पाहत. श्रावणीनं आईच्या तळव्यात बोट ठेवलं. मंगलनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि हात मिटला नाही. श्रावणी तिच्या पोटाशी डोकं लावून रडली, मोठ्यानं, तिचा आवाज मी त्याआधी एवढा मोठा ऐकला नव्हता. संध्याकाळी थोडा भात खाल्ला.

कडं आता गोठ्याच्या दारापाशी, तिच्या हाताच्या उंचीवर खिळ्याला अडकवलंय. मी दर मंगळवारी जाते, गुडघे कुरकुरतात तरी जाते. मी गेले की ती मला आधी तिथं नेते, कड्याला हात लावते आणि माझ्या तळव्यात बोट ठेवते. मिक्सरसारखी मॅडम परत आली का, हे ती विचारते असं सारिकाचं म्हणणं. मी हात उघडा ठेवते. हल्ली ती लगेच पुढं जाते, पूर्वीसारखी थांबून राहत नाही. निघायची वेळ झाली की मी तिच्या खांद्यावर दोनदा थोपटते, तिचा हात माझ्या चपलेला लावते. जाते. पण ती चपलेवरचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं माझा तळवा शोधते आणि त्यात पुन्हा बोट ठेवते. या वेळी कड्याला हात लावलेला नसतो, हे माझ्याबद्दल असतं. जीपवाला हॉर्न देत असतो. मी मूठ मिटते, चांगली घट्ट, आणि ती बोट काढून घेईपर्यंत उठत नाही.