शुक्रवारचा आरोग्याचा तास

मोहाडीजवळच्या आमच्या शाळेत आठवीत एक मुलगी होती. तिच्या हातांवर, ओठांभोवती कोड उठलं होतं. खिचडीनंतर ती नळावर ताट धुऊन गेली की मागच्या मुली तो नळ मातीनं घासायच्या, मगच आपलं ताट धरायच्या. मुलं तिला ‘चितकबरी’ म्हणायची. मला हे कळलं स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडून. "मॅडम, ते पोरगी पंधरा दिवसांपासून जेवाले येतच नाही."

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी मान वरही केली नाही. "पोरं चिडवतच राहतात, मॅडम. कायले एवढं मनावर घेता?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण कोणत्या तोंडानं भांडणार? आरोग्याचा तास माझाच होता. त्यासाठी मी प्रशिक्षण घेतलं होतं. मुख्याध्यापक सरांनी तो गणिताला द्यायला सांगितला, मी दिला. वर दर शुक्रवारी वहीत ‘त्वचेचे आजार, शिकवले’, ‘चिडवणे व छळ, शिकवले’ असं लिहून सही केली. सरांचा राग आलाच, स्वतःचा त्याहून जास्त.

त्या शुक्रवारी मी गणित होऊ दिलं नाही. कोड म्हणजे कातडीचा रंग जाणं. ते हातानं, ताटानं, नळानं कुणालाच लागत नाही, हे सांगितलं. नळ घासणारी एक उठली. "माह्या आईनं सांगतलं, लागते म्हणून."

"आईला कुणी शिकवलं नाही. तुला मी शिकवलं. आता नळ घासलास तर तो छळ समजेन."

तास सुटल्यावर कोड असलेली ती मुलगी थांबली. खाली बघत म्हणाली, "मॅडम, मंग भावाले उचलून घेतलं तं चालते? सात महिन्यांचा आहे. त्याले लागन म्हणून मी हातच नाही लावला."

सात महिने! "चालतं. आजच घे उचलून," मी म्हणाले.

नळ घासणं थांबलं. पुढच्या आठवड्यात ती दोघींच्या मधे बसून जेवली. एक मुलगा मात्र चिडवायचा थांबेना. त्याच्या वडिलांना बोलावलं, तर ते हसले. "एवढ्यासाठी धानकापणी सोडून बोलावलं?"

"हो, एवढ्यासाठीच," मी म्हणाले, आणि त्यांना उभं ठेवूनच सगळा धडा पहिल्यापासून सांगितला.