लव्हबर्डच्या पिंजऱ्याची खरी हकीकत

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की तुम्हाला लव्हबर्ड पाळायचा आहे, पण काका म्हणतो आपल्या घराण्यात पाखरं कोंडत नाहीत. पणजोबांनी म्हणे पंधरा ऑगस्टला लव्हबर्डची जोडी आभाळात सोडली होती. ही गोष्ट मी फार वर्षं ऐकते आहे. तुमचा काका माझाच मुलगा, आणि तो तेव्हा जन्मलाही नव्हता. जोडी सुटली नव्हती. एक पाखरू सुटलं होतं आणि ते जगलं नाही. दुसऱ्याचा पिंजरा मी केला. तुम्ही पिंजरा घ्यायला निघालाच आहात, तर काय झालं ते क्रमाने लिहिते.

आम्ही आर्वीला राहत होतो. मी नागपूरला बी.ए. होऊन लग्न करून आले होते. गावातल्या दवाखान्यातल्या परदेशी डॉक्टरीणबाई कायमच्या मायदेशी निघाल्या. आर्वीत त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारी बाई मी एकटीच, म्हणून जाताना त्यांनी मला दोन लव्हबर्ड दिले आणि ते पाळण्याविषयीचं एक पातळ इंग्रजी पुस्तक. अंग हिरवं, तोंड पिकल्या पेरूच्या गरासारखं गुलाबी. प्रवासाचा पिंजरा एवढा लहान की दोघांनी एकदम पंख उघडले तर अडकायचे.

तुमचे पणजोबा खादी घालणारे, तुरुंगात जाऊन आलेले. सकाळी तासभर सूत काढल्याशिवाय चहाला हात लावत नसत. त्यांनी पिंजरा पाहिला आणि म्हणाले, "सूनबाई, देश सुटला आन् तू घरात कैदी आणून राह्यली?"

मी म्हटलं, "मामंजी, ही पाखरं पिंजऱ्यातच जन्मली आहेत. बाहेर काय खायचं ते त्यांना ठाऊक नाही."

"आम्हालेबी ठाऊक नोतं. शिकलो."

पंधरा ऑगस्टला अंगणात झेंडा लावला, गल्लीतली माणसं जमली, आणि त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. एक पाखरू निघालं आणि कौलावर जाऊन बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं निघायच्या आत मी दारावर हात ठेवला. सगळ्यांदेखत ठेवला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी ते पाखरू परसात कडुनिंबाखाली सापडलं. कावळ्यांनी पिसांशिवाय त्याचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. मामंजींनी पिसांवर माती ओढली. मग म्हणाले, "मेलं, पण मोकळं मेलं."

"ते तुम्ही म्हणता," मी म्हटलं. "त्याला कुणी विचारलं?"

सासऱ्याला असं उलट बोलल्याबद्दल सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या आठ दिवसांत मी पिंजऱ्याचं चित्र काढलं.

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की हे पाखरू आडवं उडतं, म्हणून पिंजरा उंचीपेक्षा लांब हवा. मी तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच असा ठरवला आणि सुताराला बोलावलं. म्हातारे होते, बैलगाड्यांचं काम करायचे. त्यांनी चित्र उलटसुलट धरून पाहिलं.

"बाई, हे पाखरू हाय का वासरू?"

"पाखरू. मुठीएवढं."

"मंग एवढी जागा कायले? पोपटाले एक दांडी पुरते."

"पुरत नाही. पोपट बोलून दाखवत नाही इतकंच."

"पोपट तर बोलतेच ना बाई," सुतार म्हणाले, आणि माजघरात सासूबाई हसल्या. आठ दिवसांनंतरचा तो पहिला आवाज.

सुतारांनी सागवानाच्या दोन गुळगुळीत गोल दांड्या बसवून दिल्या. सारख्या जाडीच्या दांडीवर सतत बसलं की पाखराचे पाय आखडतात, हे मी वाचलं होतं. मी त्या काढल्या आणि पऱ्हाटीच्या बसवल्या. कापूस वेचून झाला की उभी राहतात ती वाळकी झाडं म्हणजे पऱ्हाटी. आमच्याकडे ती चुलीत जाते. तिच्या दांड्या कुठे अंगठ्याएवढ्या जाड, कुठे करंगळीएवढ्या, वाकड्यातिकड्या. एक दांडी उंचावर झोपेसाठी, एक मधे, एक दाण्याजवळ; पाण्यावर एकही नाही, नाहीतर पाणी घाण होतं. सुतार पुढच्या वेळी आले तेव्हा म्हणाले, "माह्या सागवानाच्या जागी सरपण घातलं. घाला." त्यांना वाईट वाटलं होतं. तरी मी बदललं नाही.

मग खेळणी. पाखरू एकटं होतं, त्याला दिवसभर काम हवं. रिकामी लाकडी रिळं, चिंचेची वाळकी बोटकं म्हणजे शेंगा, बैलाच्या गळ्यातला एक लहान घुंगरू. चोच घासायला काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेसाचा पांढरा तुकडा आणला. रोज जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद देई. पाखरू त्याच्या सरळ लांब पट्ट्या कापून पाठीच्या पिसांत खोचायचं आणि पिंजराभर मिरवायचं. मामंजी सूत काढता काढता तिरक्या नजरेने पाहत. उन्हाळ्यात मी पिंजऱ्याला वाळ्याचा पडदा लावला. तेव्हा एक पाहुणे म्हणाले की या घरात माणसांपेक्षा पाखराची बडदास्त जास्त. मी म्हटलं, "माणसाला दार उघडून जाता येतं." ते लवकर गेले.

मामंजींचा निश्चय मात्र बदलला नव्हता. श्रावण आला तसे ते म्हणाले, "यंदा दुसरं सोडू."

"सोडा. पण मग तीन दिवस निंबाखाली काठी घेऊन तुम्ही बसायचं. कावळे हाकलायला."

तुमचे आजोबा शाळेत शिक्षक होते, घरी कमी बोलत. त्या दिवशी तेवढं म्हणाले, "दादा, तिचं बरोबर आहे." वडिलांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी अंगणात माणसं जमली. मी पिंजऱ्यासमोर उभी होते. मामंजी आत आले, मला बाजूला हो म्हणाले, आणि आम्ही दोघं एकदमच थबकलो. पाखरू एका पायाने उलटं लटकत होतं. चूक माझी होती. घरात सूत हाताशी असायचं, म्हणून मी खेळणी त्यांच्या हातच्या सुताने बांधली होती. पाखराने ते पिंजलं होतं आणि पाय त्यात गुरफटला होता.

मी टॉवेलमध्ये पाखरू धरलं. मामंजींनी कात्री आणली. पाखरू त्यांच्या बोटाला कडकडून चावलं, रक्त आलं, तरी त्यांनी एकेक धागा नीट कापला. पाय सुजला होता, मोडला नव्हता.

आता पाखरू पिंजऱ्याबाहेर होतं. दार उघडं होतं, बाहेर लोक वाट पाहत होते. मी टॉवेल छातीशी धरून उभी राहिले. मागितलं असतं तरी दिलं नसतं.

मामंजींनी बोट तोंडात घातलं, बाहेर पाहिलं, मग पाखराकडे पाहिलं.

"लंगडं हाय ते," ते म्हणाले. "ठेव आत."

"पाय बरा झाल्यावरही ठेवीन."

"ठेव म्हटलं ना. आन् माहं सूत काढ त्यातलं."

बाहेर जाऊन ते म्हणाले, "यंदा पाखरू नाई. झेंडावंदन झालं की गूळ घेऊन जाजा."

मी त्याच दिवशी खेळणी बारीक तारेच्या कड्यांवर टांगली. ते पाखरू त्यानंतर सहा वर्षं जगलं. दुपारी खोलीची दारं-खिडक्या लावून मी पिंजरा उघडायची. पाखरू खोलीभर हिंडायचं, मामंजींच्या चरख्यावर बसायचं, आणि भूक लागली की आपणहून आत जायचं. मामंजी मात्र लोकांना पहिल्या वर्षीची गोष्ट सांगत राहिले, टाळ्यांपर्यंतची. निंब त्यात कधी आला नाही, आणि सांगता सांगता एका पाखराची जोडी झाली. त्यांच्या हयातीत मी ती दुरुस्त केली नाही. आता करते आहे, आणि काकालाही हे वाचायला द्या.

पाखरू जरूर आणा. पिंजरा लांब घ्या, आणि आत सूत बांधू नका.

माझा पिंजरा माझ्या खोलीत आहे. घुंगरू हरवला, रिळं कुरतडून संपली. दार अजून नीट लागतं. पऱ्हाटीची उंचावरची दांडी मूळचीच आहे, आणि तिच्यावर चोचीच्या खुणा आहेत.