यजमान कुठं आहेत?

ऐंशीच्या दशकात गोकुळ रोडवर माझं पडदे शिवायचं वर्कशॉप होतं. हुबळीत पडदे-गाद्यांच्या व्यापाऱ्यांची बैठक भरायची, गिरण्यांचे एजंट तिथं नवं कापड दाखवायचे. बायकांना कुणी बोलवत नसे. एकदा मी न बोलावताच गेले. सोबत जुन्या हुबळीत गाद्या भरून विकणारी अक्का होती.

दारातच एका एजंटानं कन्नडमध्ये विचारलं, "यजमान्रु यल्लि?" यजमान कुठं आहेत?

माझं डोकंच फिरलं. "नवरा घरी भात लावतोय," मी फटकारलं. "कापड मला बघायचंय!"

अक्काला हसू आवरेना. "अगं, तो मालक कोण म्हणून विचारतोय!"

कन्नडमध्ये यजमान म्हणजे मालकसुद्धा, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. पण रागात मराठीतला यजमान, म्हणजे नवराच ऐकू आला.

"मग मीच यजमान," म्हणत मी पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले. शेजारी अक्का बसली.

पुढच्या बैठकीला पडदेवाल्या, गादीवाल्या, गोधड्या शिवणाऱ्या अशा आम्ही घोळक्यानंच गेलो. दारात तोच एजंट होता. तो तोंड उघडणार, इतक्यात सगळ्या एका सुरात ओरडल्या, "नावे यजमान्रु!"

आम्हीच मालक. तो खुर्च्या आणायला पळाला.